रिमोटवर माणूस घेतला की टिकत नाही, पहिल्या महिन्यात आपलं काय चुकतं?

सिडको_हिशेब
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, मला खरंच उत्तर पाहिजे.

संभाजीनगरला सिडकोत आमचं छोटं ऑफिस आहे, दुसऱ्यांचे अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करतो. क्लायंट बहुतेक वाळूजचे वर्कशॉपवाले, काही पुण्याचे, काही नाशिकचे. ऑफिसात आम्ही ९ जण. काम वाढलंय, पण इथं माणूस जरा तयार झाला की पुण्याला जातो, म्हणून मागच्या वर्षी ठरवलं की लातूर नांदेडकडची पोरं घरूनच कामाला घ्यायची. त्यांचं रूमचं भाडं, मेसचा खर्च वाचतो, आईबापाजवळ राहतात, आपल्याला चांगला माणूस मिळतो. दोघं घेतले आणि दोघंही गेले.

पहिला पोरगा लातूर जिल्ह्यातला, एम.कॉम झालेला, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तोंडपाठ. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतला, फाडफाड बोलला, अर्ध्या तासात फायनल केला. ८ तारखेला रुजू झाला. रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग सर’, काही विचारलं की ‘हो सर, चालू आहे सर’. २३ व्या दिवशी आईची तब्येत बरी नाही म्हणून सुट्टी घेतली आणि परत आलाच नाही. आठ दिवसांनी लॅपटॉप कुरिअरने आला. बघितलं तर एकाच पार्टीचं खरेदी रजिस्टर आणि टू-बी (जीएसटी पोर्टलवर येणारी खरेदीच्या बिलांची यादी) चं मॅचिंग, चार दिवस त्यावरच अडकलेला.

आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक शंभर पानी वही निघाली, बहुतेक चुकून राहिली. पहिल्या दोन पानांवर नंबर टाकून प्रश्न लिहिलेले. १७ प्रश्न. या पार्टीची डेबिट नोट कुठल्या लेजरला टाकायची. ‘मागच्यासारखंच कर’ म्हणजे मागचं कुठं बघायचं. क्लायंटचा फोन आला तर मी उचलू का. जेवायला किती वाजता उठायचं. कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा का. यातला एकही प्रश्न त्यानं आम्हाला विचारला नव्हता. ती वही माझ्या टेबलावरच आहे, दोन महिने झाले, फेकायची हिंमत होत नाही.

दुसरी पोरगी नांदेडची. ती चार महिने राहिली, कामात एकदम चोख. एका क्लायंटचे मासिक दर आम्ही बदलले होते, ते आम्ही ऑफिसच्या चौघांनी खाली चहा पिता पिता ठरवलं, तिला कुणी सांगितलंच नाही. तिनं जुन्या दराचं बिल पाठवलं आणि आमच्या सिनियरनं ग्रुपवर सगळ्यांसमोर तिला झापलं. पुढच्या महिन्यात राजीनामा.

आता परत तिघं-चौघं घ्यायचेत. इंटरव्ह्यू कसा घ्यायचा, पहिले पंधरा दिवस काय करायचं, आणि समोर नसलेला माणूस काम करतोय की अडकलाय हे कसं ओळखायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

गोदाकाठ_नांदेड
दादा, वहीचं वाचून पोटात कालवलं. मी नांदेडहून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर सपोर्ट टीमचा लीड म्हणून काम करायलोय, मार्च २०२० ला लॉकडाऊन लागल्यावर गावी आलो तो इथंच राहिलो, आता माझ्या टीमचे ११ जण आहेत आणि सगळे घरूनच.

फाडफाड बोलतो म्हणून घेतला ही पहिली चूक, आणि ती आम्ही पण केली हो. समोरासमोरच्या कामात बोलका माणूस चालून जातो, पण रिमोटला दिवसभराचं बहुतेक बोलणं लिहून होतं, तर मग त्याला लिहायला लावूनच बघा ना. वर्डप्रेस डॉट कॉमवाली ऑटोमॅटिक कंपनी आहे, ते लोक माणूस घेण्याआधी पैसे देऊन ट्रायलचं काम करून घेतात. आपल्याला तेवढं मोठं जमत नाही, पण आम्ही दोन दिवसांचं खरंखुरं काम देतो, दिवसाला ८०० रुपये देतो, आणि त्या कामात मुद्दाम एक गोष्ट अर्धवट ठेवतो. तुमच्याकडं म्हणाल तर एका महिन्याची बँक स्टेटमेंट द्या आणि त्यातली एक मोठी एन्ट्री कशाची आहे तेच सांगू नका. जो विचारतो की ‘ही १ लाख ४० हजारची एन्ट्री कशाची आहे, कागद मिळेल का’ तो आपला माणूस. जो गुपचूप सस्पेन्सला, म्हणजे कशाची ते न कळलेल्या एन्ट्रीच्या खात्याला टाकून ‘झालं सर’ म्हणतो त्याला कितीही टॅली येऊ द्या, तो घरी एकटा बसून अडकणार. एक नक्की करा, ट्रायल सुरू व्हायच्या आधीच सांगून टाका की प्रश्न विचारलात तर मार्क कटत नाहीत. आपल्याकडची पोरं शाळेपासून शिकलीत की गुरुजीला जास्त विचारलं की रट्टा बसतो, त्यांची चूक नाही त्यात.

दुसरं, लाइट आणि नेट. हे इंटरव्ह्यूतच उघड विचारा पण नापास करायला विचारू नका, सोय करायला विचारा. खेड्यातला असला तर घर गावठाण फीडरवर आहे का शेतातल्या लाइनवर ते विचारा. शेतीच्या फीडरला थ्री फेज ८ तास मिळते आणि ती पण कधी दिवसा कधी रात्री, मग मळ्यात राहणाऱ्या पोराचं गणित वेगळं असतं. आमच्याकडं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस कंपनीकडून जातो, हजार-दीड हजाराची वस्तू आहे, लाइट गेली तरी राउटर तीन-चार तास चालतो आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. वरून दुसऱ्या कंपनीचं एक सिम. एवढ्यानं आमचं ‘सर नेट गेलं होतं’ जवळपास बंद झालं.

ऑफिसातल्या चहाच्या गप्पांबद्दल रात्री लिहितो, आता कॉल आहे.

टॅक्सवाला_जालना
मी कर सल्लागार आहे, जालन्यात बसतो. एक गोष्ट अजून कुणी पकडली नाही, तारीख बघा. पोरगा ८ तारखेला रुजू झाला. ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला टू-बी येतं, २० ला थ्री-बी म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न. म्हणजे तुमच्या ऑफिसात ज्या बारा दिवसांत कुणाला मान वर करायला वेळ नसतो त्याच बारा दिवसांत तुम्ही नवीन माणूस आणून बसवला, आणि तो घरी. ऑफिसात असता तर निदान बाजूच्याच्या स्क्रीनवर बघून शिकला असता. आपल्या धंद्यात माणूस २१-२२ तारखेलाच रुजू करून घ्यायचा, मग पुढच्या महिन्याच्या ७ च्या टीडीएसपर्यंत दोन आठवडे मोकळे मिळतात शिकवायला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ९ चे १२-१३ झाले की १० किंवा जास्त माणसांच्या नियमात येता, मग २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागते, रिमोटवाले मोजणीत धरायचे. २० झाले की पीएफ. प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५००, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिला कर्मचाऱ्यांना २५ हजार पगारापर्यंत माफ आहे. लॅपटॉप कंपनीचाच द्या, क्लायंटच्या पोर्टलचे पासवर्ड व्हॉट्सॲपवर फिरवू नका. आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, तो नव्या माणसानं कुणाकडून मागायचा हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. नवीन पोरं ओटीपीसाठी मालकाला फोन करायला घाबरतात आणि तासन् तास बसून राहतात, हे मी माझ्याच ऑफिसात बघितलंय.

वाळूज_वर्कशॉप
माझं मत वेगळं आहे. मी २५ माणसं सांभाळतो. तुम्ही एवढा विचार करत बसण्यापेक्षा स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर टाका, दर १० मिनिटाला फोटो येतो, कोण अडकलं कोण झोपलं सगळं कळतं. पगार देतोय तर काम दिसलं पाहिजे, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मशीनवरच्या माणसाचा पण आपण दिवसाला नगाचा हिशोब घेतोच ना.

अंबाजोगाई_३१
वाळूजवाले दादा, राग मानू नका, पण मी त्या फोटोच्या पलीकडं बसलेली आहे म्हणून सांगते.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या खेड्यातून काम करते, घराच्या वरच्या खोलीतून, पाच वर्षं झाली. पहिल्या नोकरीत, नाव घेत नाही, तुम्ही म्हणता तेच सॉफ्टवेअर होतं. काय व्हायचं सांगते. एखादा विषय कळला नाही की मी वहीत आकृती काढून समजून घेते, मला तशीच सवय हाय, पण वहीत बघितलं की माउस हलत नाही आणि तिकडं लाल रंग लागतो. मग मी डाव्या हातानं माउस हलवायची आणि उजव्या हातानं वहीत लिहायची. सात महिने असं काढलं. त्यांना फोटो रोज पन्नास मिळत होते पण मला काय येत नाही हे एकाही फोटोत दिसलं नाही. त्या पोराची पण फोटोत टू-बी उघडीच दिसली असती की चार दिवस, आणि तुम्ही म्हणला असता काम चालू हाय.

आता दुसऱ्या नोकरीतला पहिला दिवस सांगते, त्यामुळंच मी टिकले. लॅपटॉप चार दिवस आधी आला होता, आदल्या दिवशी एका पोरानं फोन करून सगळे लॉगिन चालतात का ते माझ्याकडून एकेक उघडून घेतले, त्यामुळं पहिल्या दिवशी पासवर्डची रडारड नाही. सकाळी साहेबांचा दहा मिनिटं फोन, बस. मग मला एक ताई जोडून दिली, ती माझी बॉस नव्हती, माझ्याच लाइनीची, माझ्यापेक्षा दोन वर्षं जुनी. तिनं स्वतःची स्क्रीन शेअर केली आणि म्हणाली आज तू काहीच करू नको, मी माझं काम करते तू बघ. अर्ध्या तासानं तिच्याकडून एक एन्ट्री चुकीच्या लेजरला पडली. ती गडबडली नाही, म्हणाली हे बघ चुकलं, आता असं दुरुस्त करायचं, आणि मग तिनं ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं की अमुक एन्ट्री चुकली होती, बदललीय. कुणी काही बोललं नाही. एकानं अंगठा दिला. त्या दिवशी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, मला कळलं की इथं चुकलं तर सांगता येतंय. कुठल्याही भाषणानं ते कळलं नसतं.

तेव्हा दादा, तुमच्या सिनियरनं ग्रुपवर नांदेडच्या ताईला झापलं ना, ते फक्त तिलाच लागलं असं समजू नका. उद्या येणाऱ्या प्रत्येकाला तो ग्रुप वर स्क्रोल करून दिसणार हाय.

लातूर_एचआर
वरच्या ताईंनी सोबतीचं सांगितलं, ते सगळ्यात महत्त्वाचं, मी त्यात भर घालते. लातूरला राहून तीन कंपन्यांचं भरतीचं काम बघते.

सोबती नेमता तेव्हा त्याच्या स्वतःच्या कामातून रोजचा दीड-दोन तास कमी करा, नाहीतर तो पण २० तारखेच्या गडबडीत ‘नंतर सांगतो’ म्हणणार आणि नवीन पोरगं समजून घेणार की विचारायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांचा कॉल ठरलेल्या वेळेला, सकाळी साडेदहा आणि दुपारी चार. त्यात ‘काही अडचण आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘नाही सर’ असतं. ‘आज सगळ्यात जास्त वेळ कशात गेला’ असं विचारा, मग आपोआप बाहेर येतं. प्रश्नांसाठी एक वेगळा ग्रुप ठेवा आणि त्यात पहिला प्रश्न मालकानं टाकायचा, खरा प्रश्न, स्वतःला न कळलेला. मालक विचारतो म्हटल्यावर बाकीचे विचारतात.

अजून एक आपल्या भागातलं, कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. घरच्यांना हे काम वाटतच नाही. पोरगं घरी बसून लॅपटॉप बघतंय म्हणजे रिकामंच आहे, मग दळण आण, बँकेत जाऊन ये, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन ये. आणि मुलगी असेल तर अजूनच, चहा तिनंच करायचा. मी आता ऑफर लेटरसोबत मराठीत एक पानाचं पत्र घरच्यांच्या नावानं पाठवते, त्यात कंपनीचं नाव-पत्ता, जीएसटी नंबर, कामाची वेळ, जेवणाची सुट्टी कधी, पगार कुठल्या तारखेला जमा होणार, सगळं. उदगीरकडच्या एका मुलीच्या वडिलांनी ते पत्र देवघराशेजारी चिकटवलं होतं, ती सांगत होती की १० ते ६ आता तिला कुणी हाक मारत नाही.

घरबसल्या काम म्हटलं की लोकांना आधी फसवणूकच आठवते, त्यातही तथ्य आहे, डिपॉझिट भरा, किटचे पैसे भरा म्हणून कित्येकांना लुटलंय. तुमच्या जाहिरातीतच लिहा की आम्ही कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही, कुणी आमच्या नावानं मागितले तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार करा. चांगल्या घरची हुशार पोरं या भीतीनंच अर्ज करत नाहीत. आणि एखादी मुलगी निवडली तर घरी पहिला फोन तुमच्या ऑफिसातल्या बाईमाणसाला करायला सांगा.

गोदाकाठ_नांदेड
आलो परत. चहाच्या गप्पांचं सांगायचं होतं.

सगळेच रिमोट असले तर सोपं असतं. गिटलॅब नावाची कंपनी आहे तिला ऑफिसच नाही, कामाच्या पद्धतीचं पूर्ण हँडबुक लिहून नेटवर उघडं ठेवलंय, कुणीही वाचावं. अवघड असतं ते तुमच्यासारखं, ९ ऑफिसात आणि ३ घरी, कारण ऑफिसातल्यांना आपण काही लपवायलोय असं वाटतच नाही, ते नुसते बोलत असतात. माझी टीम घरून असली तरी कंपनीचे बाकीचे पुण्याच्या ऑफिसात बसतात, तिथं आम्ही एक नियम केला, टपरीवर काही ठरलं तर जो सगळ्यात शेवटी जिना चढतो त्यानं वर आल्याबरोबर ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या. ‘अमक्या पार्टीचा दर या महिन्यापासून इतका, बिल नवीन दरानं.’ तेवढंच. सुरुवातीला पोरं कंटाळली, मग एकदा त्या दोन ओळींमुळं क्लायंटसोबतचं भांडण मिटलं तेव्हापासून कुणाला सांगावं लागत नाही. आणि कॉलवर एक जण जरी घरून असला तरी ऑफिसातल्यांनी पण आपापल्या लॅपटॉपवर हेडफोन लावून बसायचं. सहा जण एका टेबलाभोवती आणि मधी एक मोबाइल ठेवलेला, यात घरच्या माणसाला फक्त हसण्याचा आवाज ऐकू येतो, कामून हसले ते कळत नाही.

वाळूज_वर्कशॉप
अंबाजोगाईच्या ताईंचं वाचलं. माउसचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडं दोन जण घरून डिझाइनचं काम करतात, त्यांना उद्या विचारतो. पण मग काम होतंय की नाही हे मोजायचं कसं, याचं उत्तर मला पण पाहिजे, नुसत्या विश्वासावर पगार निघत नाही.

अंबाजोगाई_३१
बरोबर विचारलंत. आमच्याकडं आठवड्याला काय पूर्ण व्हायला पाहिजे ते सोमवारी लिहून ठरतं, शुक्रवारी ते उघडून बघतात. दोन शुक्रवार रिकामे गेले तर बसून बोलतात. तुमच्या मशीनवरच्या नगासारखंच झालं की, फक्त नग मोजतात, हात किती वेळा हलला ते मोजत नाहीत.

अजून एक राहिलं, पगाराचं. ‘गावात राहतेस, तुला खर्च काय’ म्हणून मला पहिल्या ठिकाणी ऑफिसवाल्यांपेक्षा ४ हजार कमी देत होते आणि काम तेच. असं करू नका. माणूस चार महिन्यांत दुसरीकडं जातो आणि तुम्ही शिकवलेलं सगळं घेऊन जातो.

सिडको_हिशेब
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण करून बघत होतो.

काल संध्याकाळी ऑफिसातल्या सगळ्यांना बसवलं आणि वहीतले १७ प्रश्न मोठ्यानं वाचले. पाचव्या प्रश्नापर्यंत सगळे गप्प झाले. एकेकाला दोन-दोन प्रश्न वाटून दिले की उत्तर लिहा, तर गंमत बघा, ‘मागच्यासारखंच कर’ म्हणजे कुठलं मागचं, याची तिघांनी तीन उत्तरं लिहिली. म्हणजे आम्हालाच माहीत नव्हतं, त्या पोराला कुठून कळणार. आता ती उत्तरं टाइप करून १२ पानं झालीत, नवीन माणसाला हीच पहिली फाइल. आमच्या सिनियरनं नांदेडच्या ताईला स्वतः फोन करून माफी मागितली. ती परत येणार नाही, दुसरीकडं लागलीय, पण बोलली नीट.

आणि आज सकाळी त्या पोराला फोन केला. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशोब लिहितोय. आधी घाबरला, त्याला वाटलं लॅपटॉपचं काही निघालं. वही सापडली म्हटल्यावर बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, सर तुम्ही सगळे कामात दिसायचात, एवढ्याशासाठी कशाला त्रास द्यायचा असं वाटायचं, आणि मग दिवस जास्त झाले तसं अजूनच विचारायची लाज वाटायला लागली. आईची तब्येत खरंच बिघडली होती, हे पण मी आज पहिल्यांदा विचारलं.

त्याला म्हटलं परत ये, २२ तारखेला, नव्यानं. विचार करून सांगतो म्हणाला. त्याचं हो आलं तर सोबती म्हणून कुणाला देऊ? कामात सगळ्यात पक्का आमचा सिनियर आहे, पण त्यानंच तिला झापलं होतं. दुसरी एक मुलगी आहे, दीड वर्षच झालंय तिला, पण समजावून छान सांगते.

लातूर_एचआर
ती मुलगी. दीड वर्षापूर्वी आपण स्वतः कुठं अडकलो होतो हे तिला अजून आठवत असेल.

अंबाजोगाई_३१
ती मुलगीच द्या. आणि वही त्याला परत पाठवा दादा, कुरिअरनं, २२ च्या आधी पोचेल अशी. सोबत तुमची ती १२ पानं पण प्रिंट काढून घाला, लाइट गेली तरी वाचता येतात.